भाषेचे नाव, घराचे नाव

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत माणसाला त्याची राष्ट्रीय ओळख विचारतात. २०११ साली ५७.७ टक्के लोकांनी केवळ 'इंग्लिश' असे उत्तर दिले होते, तर १९.१ टक्क्यांनी केवळ 'ब्रिटिश'. २०२१ साली हेच आकडे अनुक्रमे १४.९ आणि ५४.८ झाले. दहा वर्षांत एवढे मनपरिवर्तन? तसे नव्हे. इंग्लंडमधल्या प्रश्नावलीत या वेळी 'ब्रिटिश' हा पर्याय सर्वांत वर छापला होता, आणि बदलामागे हा क्रमही असल्याचे तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच म्हटले. अस्मितेवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी.

आम्हा वऱ्हाडातल्यांना असा प्रश्न छापील कागदावर कोणी विचारत नाही. तो चर्चासत्रात, चहाच्या वेळी विचारला जातो. "तुम्ही नागपूरकडचे ना?" आमच्या इंझोरीला नागपूर जवळ नाही; कारंजा जवळ, मग अकोला. पण पुण्याहून पाहिले की विदर्भ हा एकच ठिपका दिसत असावा. त्यामुळे मी गावी वऱ्हाडी असतो, पुण्यात विदर्भातला, नागपुरात पश्चिम विदर्भातला आणि हैदराबादेत नुसता मराठी. 'महाराष्ट्रीय' हा शब्द या यादीत कुठे बसवावा, हे मला अद्याप कळलेले नाही.

याला इतिहास आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. आमच्या आजोबांच्या पिढीतला माणूस गाव न सोडता चार राज्यांत राहिला: जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. मधल्या काळात, १९५५ साली, फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. १९५३ च्या नागपूर करारातली आश्वासने मात्र आमच्याकडे अजून तोंडपाठ आहेत, आणि त्यांतले ठळकपणे दिसते ते नागपूरचे हिवाळी अधिवेशन. असो, अनुशेषाची चर्चा इतरत्र पुष्कळ झाली आहे.

मला अडते ते शब्दापाशी. इंग्लिश माणसाच्या लहान घराचे नाव आणि त्याच्या भाषेचे नाव एकच आहे. तो 'ब्रिटिश' हे विशेषण उतरवून ठेवतो तेव्हा त्याची भाषा त्याच्याजवळच राहते. आमचे उलटे आहे. भाषेचे नाव मोठ्या घराकडे गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मराठी भाषा आणि महाराष्ट्र राज्य यांची सांगड इतकी घट्ट घातली की 'मी वैदर्भीय' म्हणणारा मराठीवर रुसला आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. लोकनायक अणे यांनी विदर्भाची मागणी केली. म्हणून त्यांचे मराठीपण उणे होते काय? हिंदी भाषकांची अनेक राज्ये असतात आणि त्याने हिंदीचे काही बिघडत नाही. मराठीचे बिघडेल हे आपण गृहीत धरले आहे. क्रिकेटमध्ये मात्र ही भीती कोणाला वाटत नाही. रणजी करंडकासाठी या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, आणि २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत मुंबईला हरवून विदर्भाने करंडक नेला तेव्हा राज्य फुटले नाही.

भाषेच्या इतिहासात तर हा दुरावा नव्हताच. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहायला सांगितले, आणि त्यांच्या पश्चात ते शिष्य जमले रिद्धपूरला, म्हणजे वऱ्हाडात. 'लीळाचरित्र' तिथे सिद्ध झाले. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो वत्सगुल्मात, आमच्या वाशीममध्ये. हे सर्व मी वर्गात शिकवतो आणि त्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेतल्या 'मले' या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. प्रमाणभाषा शिकवणे हे माझे काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'मले' लिहिणारा विद्यार्थी मराठी चुकत नसतो. तो एक मराठी लिहीत असतो आणि आपण दुसरी मागत असतो.

अर्थात 'वऱ्हाडी' हेही सर्वांचे घर नव्हे. इंझोरी ज्या मानोरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तांड्यांवरून येणारी मुले घरी गोरबोली बोलतात. बंजारी, लमाणी अशा नावांनी झालेल्या नोंदी २०११ च्या जनगणनेने हिंदीखाली घातल्या. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. राज्याची सीमा त्यांच्यासाठी केवळ भावनेचा विषय नाही.

मागे एकदा पदवीच्या वर्गाला मी स्वतःची ओळख सांगणारे तीन शब्द लिहायला सांगितले. पर्याय दिले नव्हते, त्यामुळे क्रमाचाही प्रश्न नव्हता. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीने लिहिले: गोर, मराठी, वऱ्हाडी. वैदर्भीय आणि महाराष्ट्रीय हे दोन्ही शब्द तिने लिहिले नव्हते. चौथ्या शब्दाला परवानगी आहे का, एवढेच तिने विचारले.