आमची पंचवार्षिक आशा

कोणत्या वयात मनुष्यास कोणते वेड लागावे, याविषयी शास्त्रकारांनी काही नियम घालून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या बरोबरीची मंडळी पहाटे उठून टेकडीवर फिरावयास जातात. आम्ही मात्र त्या वेळी, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून, अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी थंडर या धंदेवाईक बास्केटबॉल संघाचे सामने पाहत बसलेले असतो. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडू लागते. ही वेळेची सोय विधात्याने आमच्यासारख्या प्राध्यापकांसाठीच केली असावी, अशी आमची समजूत आहे.

या वेडाचे मूळ आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाकडे जाते. तो खनिज तेलाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी ओक्लाहोमातील नॉर्मन येथील विद्यापीठात गेला व पुढे तिकडेच स्थायिक झाला. २००८ साली सिएटलचा संघ उठून त्याच्या शहरात आला. त्याने तो आपला मानला, आणि भाच्याचा तो मामाचा या न्यायाने तो आमचाही झाला.

परंतु नुसते सामने पाहून आमचे समाधान होत नाही. आमच्यापाशी एक वही आहे. तीत संघातील प्रत्येक खेळाडूचे वय, त्याच्या कराराची मुदत आणि येत्या पाच वर्षांत तो कोठवर पोहोचेल याचे आमचे अनुमान, असे रकाने आखलेले आहेत. या वहीतील दोन पानांची हकिकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले पान २०१२ च्या जूनमधील. त्या वर्षी आमचा संघ अंतिम फेरीत मायामीकडून एकास चार सामन्यांनी हरला. तथापि आम्हांस लवमात्र दुःख झाले नाही. केव्हिन ड्युरांट व रसेल वेस्टब्रुक तेवीस वर्षांचे, जेम्स हार्डन तर बावीसच वर्षांचा! ‘पाच वर्षांत निदान दोन अजिंक्यपदे’ असे आम्ही त्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. चार महिन्यांतच हार्डनच्या मोबदल्याचा मेळ बसेना म्हणून त्याला ह्यूस्टनला देण्यात आले. २०१६ साली ड्युरांट आपण होऊन गेला. २०१९ साली वेस्टब्रुकही गेला. पुढे त्या तिघांनाही, ड्युरांटला २०१४ मध्ये, वेस्टब्रुकला २०१७ मध्ये व हार्डनला २०१८ मध्ये, वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. म्हणजे माणसांविषयीचे आमचे अनुमान अक्षरशः खरे ठरले आणि संघाविषयीचे अक्षरशः खोटे. ती दोन अजिंक्यपदे आमच्या वहीतच राहिली.

दुसरे पान २०२१ च्या उन्हाळ्यातील. ते समजण्यासाठी तेथील एक चाल ध्यानात घ्यावयास हवी. नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी होते, आणि ज्या संघाने अधिक सामने गमावले त्याला आधी निवडण्याची संधी अधिक, असा सोडतीचा प्रकार तेव्हा होता. दुबळ्यास आधार मिळावा हा या चालीचा हेतू. पण तीमुळे हरणे हा एक हिशेबी धंदा होऊन बसला होता. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून तीन मोसमांत २४६ पैकी अवघे ४७ सामने जिंकून ही विद्या पराकोटीस नेली होती. आमचा संघही २०२०-२१ मध्ये ७२ पैकी २२ सामने जिंकून तळाशी आला होता. आम्ही वहीत लिहिले : ‘आणखी एक वर्ष पुष्कळ हरावे. पहिल्या दोहोंतील निवड मिळाल्यास २०२६ पर्यंत काही आशा.’

आपल्याच संघाच्या पराभवाची इच्छा करणे हे काय कर्म आहे, याचा उलगडा आम्हांस ३ डिसेंबर २०२१ च्या सकाळी झाला. मेम्फिस येथे आमचा संघ १५२ विरुद्ध ७९, म्हणजे ७३ गुणांनी हरला. त्या स्पर्धेच्या इतिहासात एवढ्या अंतराने कोणी कोणास हरविलेले नव्हते. चहाचा पेला हाती घेऊन आम्ही एक एक गुण मोजीत होतो आणि, खरे सांगावयाचे तर, मनातून सुखावत होतो. सामना संपताच आम्ही भाच्यास दूरध्वनी केला व ‘ठीक चालले आहे’ असे म्हणालो.

त्याने क्षणभर उत्तर दिले नाही. मग म्हणाला, “मामा, त्या पोरांना तुमची वही ठाऊक नाही हो. त्यांतल्या निम्म्यांना पुढच्या वर्षी कुणी घेईल की नाही याचीही खात्री नाही. तुम्ही ज्याला फुकट घालवायचं वर्ष म्हणता, ते त्यांचं एकुलतं एक वर्ष असेल.”

हे शब्द आमच्या जिव्हारी लागले. कारण ते केवळ खेळाडूंविषयी नव्हते. २०२० साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा त्याची वीस वर्षांची नोकरी गेली होती. त्यावरही आम्ही आमचे रकाने आखले होते. ‘ही दोन वर्षे गेली असे समज, पुढे इकडे परत ये,’ असा पोक्त सल्ला आम्ही त्यास दिला होता. गेलेली म्हणून आम्ही ज्या वर्षांवर काट मारली, त्यांतच तो दररोज सकाळी उठून, पंचेचाळिशीच्या घरात, शाळेत गणित शिकविण्याची परीक्षा देत होता. त्या दिवशी आम्ही वही मिटली ती बरेच दिवस उघडली नाही.

पुढील हकिकत क्रीडाप्रेमी वाचकांस ठाऊकच असेल. आमचा संघ २४, मग ४०, मग ५७ आणि २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकत गेला. आणि २२ जून २०२५ रोजी इंडियानाविरुद्धच्या सातव्या सामन्यात १०३-९१ अशा गुणांनी अजिंक्य ठरला. १९७७ च्या पोर्टलंडनंतर इतका तरुण संघ विजेता झाला नव्हता. म्हणजे आम्ही जेथे नुसती आशा लिहिली होती तेथे, आणि तीही एक वर्ष आधी, अजिंक्यपदच आले.

मग पराभवाची पेरणी फळास आली असे म्हणावे काय? हिशेब पाहू गेल्यास तसे म्हणवत नाही. हरून मिळविलेली दुसरी निवड म्हणजे चेट होमग्रेन. तो गुणी खरा, पण पायाच्या दुखापतीने पहिला मोसम सर्वस्वी मुकला. संघाचा कणा ठरला तो शे गिल्जस-अलेक्झांडर. तो २०१८ च्या निवडीत अकरावा होता, व २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला. त्याच अदलाबदलीत मिळालेल्या हक्कातून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला, आणि अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले. ज्याच्या बचावाची प्रतिस्पर्ध्यांना धास्ती वाटे, त्या ल्यू डॉर्टला तर निवडीत कोणी घेतलेच नव्हते. संघाचे सूत्रधार सॅम प्रेस्टी यांनी एकाच मोहऱ्यावर भिस्त न ठेवता निवडीचे हक्क गोळा केले, याचे मर्म आम्हांस उशिरा कळले. कोण मोठा होईल हे आपल्यास कळत नाही, असे ज्याने मानले त्याने पुष्कळांना संधी दिली. आम्हांस मात्र सर्व कळत होते; म्हणून आमची वही फसली.

मेम्फिस येथे त्या रात्री खेळलेल्यांपैकी बहुतेक जण अजिंक्यपदाच्या वेळी संघात नव्हते. त्यांच्या नावांपुढे आम्ही ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला होता. तो शेरा आम्ही आता खोडला आहे. तीस वर्षे वर्गात हजेरी घेताना असे किती शेरे आम्ही मनातल्या मनात मारले असतील, त्यांची मात्र वही नाही. त्यामुळे ते खोडावयाचे कोठे, हा प्रश्न राहतोच.

अंतिम सामन्याच्या दिवशी आपल्याकडे सोमवारची पहाट होती. सामना संपताच दूरध्वनी वाजला. भाचा आता एका शाळेत गणित शिकवितो. त्याच्या वर्गातील दोन मुलेही त्याच्या घरी सामना पाहावयास आली होती. “मामा, आता पुढच्या पाच वर्षांचं काय म्हणते तुमची वही?” त्याने विचारले. २०१९ पासून सात वर्षांत सात निरनिराळे संघ विजेते झाले. शिवाय तीन तरुण एकाच वेळी मोठ्या मोबदल्यास पात्र झाले की काय होते, हे २०१२ चे पान आम्हांस सांगतच होते. आम्ही म्हणालो, “ते राहू दे. त्या मुलांनी काही खाल्ले का, ते सांग.”

वही मात्र आम्ही टाकून दिलेली नाही. जुलैमध्ये त्या तिघांचेही करार वाढविल्याचे वृत्त आले तेव्हा नवे पान आखले. नावे लिहिली, वये लिहिली. अनुमानाचा रकाना आखण्यासाठी पट्टीही ठेवली होती. पण तेवढ्यात घरातून चहासाठी हाक आली, आणि तो रकाना अद्याप आखावयाचा राहिला आहे.