आकडा पाहायचा कुणी?

खेळ संपला की पडद्यावर एक तक्ता येतो. चार नावं आणि प्रत्येक नावापुढे आकड्यांची रांग. किती शत्रू टिपले, किती इजा केली, पडलेल्या सोबत्याला कितीदा उठवलं, किती मिनिटं तग धरला. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे पोरांच्या तोंडचा 'बीजीएमआय', ज्या घरात खेळला जातो त्या घरातल्या आईवडिलांनी हा तक्ता ओझरता का होईना पाहिलेला असतो. पाहून फारसं कळत नाही, आणि पोरगं विचारू देत नाही. मोबाइल पालथा ठेवला जातो. डावाचा निकाल मग पानावर बसल्यावर चेहऱ्यावरूनच ओळखायचा.

ज्यांच्या घरी अजून हे आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, चार-चारांच्या टोळ्या करून एकमेकांशी लढतात, आणि शेवटी उरेल ती टोळी जिंकते. 'पबजी' या नावानं हा खेळ आधी घरोघरी पोचला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, आणि जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावानं परतला. खेळ कोरियन कंपनीचा असला तरी तिची भारतीय शाखा नोंदली गेली ती बेंगळुरूत. नवं नाव घेताना थोडी सभ्यताही आली. 'मारणं' गेलं आणि 'फिनिश' आलं, रक्त लालऐवजी हिरवं दिसू लागलं. मोजणी मात्र तशीच राहिली. सरासरी एका डावात किती 'फिनिश', हा आकडा खेळाडूच्या नावाला चिकटलेला असतो आणि त्याचं पान उघडून दुसऱ्यालाही तो पाहता येतो. मुलं त्याला 'एफडी' म्हणतात. घरातल्या मोठ्यांना एफडी म्हणजे बँकेतली मुदत ठेव एवढंच ठाऊक, त्यामुळे "त्याची एफडी फार कमी आहे" हे वाक्य दाराआडून ऐकून एखादी आजी हळहळली तर नवल नाही.

बेंगळुरूच्या दक्षिण भागातलं असंच एक मराठी घर. वडील सॉफ्टवेअर कंपनीत, आई शाळेत शिक्षिका, मुलगा दहावीत. त्याच्या टोळीतला एक कन्नड, एक तमिळ, एक मल्याळी, आणि चौथा हा. आपसातली भाषा इंग्रजी, हिंदी आणि 'मगा', 'मच्चा' यांची भेळ. मुलगा स्वभावानं सांभाळून घेणारा. कुणी पडला की धावत जायचं, धुराचा गोळा फेकून आडोसा करायचा, त्याला उठवायचं, आपल्याजवळचं औषध द्यायचं. त्यानं शत्रू टिपले नाहीत असं नाही, पण थोडे. एका शनिवारी टोळीच्या ग्रुपवर निरोप आला की यापुढे ज्याची एफडी दीडच्या वर, त्यालाच घ्यायचं. ह्याची होती एकाच्याही खाली.

वडिलांनी तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तो त्या रात्री. आकडे वाचण्याची त्यांना सवय, आयुष्य त्यातच गेलेलं.

"अरे, पण ह्या एका डावात तू चारदा उठवलंस की सगळ्यांना!"

"त्याला कोण विचारतं, बाबा? सगळे फिनिश बघतात."

बाबा यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या कचेरीतही तिमाही संपली की कुणी किती तक्रारी निकालात काढल्या याचा तक्ता लागतो. नव्यानं लागलेल्या मुलीची अडलेली गाठ सोडवण्यात त्यांचे दोन दिवस गेले होते. ते दोन दिवस कुठल्याच रकान्यात नव्हते. तक्रार तिच्या नावावर मिटली, आणि ते योग्यच होतं. पण वरिष्ठांसमोर बसल्यावर त्या दोन दिवसांचं काय झालं, हे सांगायला त्यांना अवघड गेलं होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत मुलाचा आकडा वाढला. कसा वाढला हे आईला कळलं ते खोलीत दूध द्यायला गेली तेव्हा. मोबाइलमधून मित्राचा आवाज येत होता, "उठव ना रे, इथेच आहे मी!" आणि मुलगा त्याच्याकडे न वळता पुढच्या घरातल्या शत्रूमागे पळत होता. तो टिपला गेला, एक फिनिश वाढला. मित्र गेला, थोड्या वेळानं टोळीही गेली. पूर्वी ही चौघं बहुतेकदा शेवटच्या पाचांत असत, आता कशीबशी बाराव्या क्रमांकावर. पण मुलाची टोळीतली जागा टिकली. खेळ वाईट झाला आणि खेळाडू चांगला ठरला! आई खेळातलं काही जाणत नाही, पण तिला त्या हाकेचं वाईट वाटलं. "इतकी हाक मारत होता रे तो," एवढंच ती म्हणाली.

मग हे मोजणं बंदच करावं का? इतकं सोपं नाही ते. अमेरिकेत २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात वीस-वीस, पूर्वी तर चाळीस माणसं मिळून एका राक्षसावर चालून जातात. काही मार झेलायला, काही जखमा भरायला, उरलेले मारायला. ठरावीक वेळात राक्षस पडला नाही तर सगळेच खलास. दोन तास झुंजून हरल्यावर 'कोण कमी पडलं' हा प्रश्न येणारच, आणि आकडा नसेल तर त्याचं उत्तर सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस देतो. बोट मग गरीब बिचाऱ्याकडे किंवा नवख्याकडे वळतं. म्हणून खेळाडूंनीच दर सेकंदाला कोण किती मार देतो हे दाखवणारे मापक तयार केले. कंपनीनं बराच काळ ते चालू दिले, आणि २०२५ मध्ये स्वतःचाच मापक खेळात देण्याचं जाहीर केलं. या मापकांनी कित्येक मुकाट खेळाडूंची बाजू राखली असेल. पण त्याच मापकात वर राहण्यासाठी पायाखालच्या आगीतून बाजूला न सरणारे, आणि जखमा भरणाऱ्यांच्या जिवावर आकडा फुगवणारे महाभागही निपजले. मापकाला आगीतून सरकणं दिसत नाही, त्याला फक्त मार दिसतो.

आकडा असावा की नसावा यापेक्षा तो कुणाला दिसावा, हा खरा प्रश्न. खेळ बनवणाऱ्यांनीही यावर डोकं चालवलेलं आहे. २०१६ मध्ये आलेल्या 'ओव्हरवॉच'मध्ये सगळ्यांचा जाहीर तक्ताच नव्हता. प्रत्येकाला आपापली सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं दिसायची, दुसऱ्याची नाही. कल्पना फार गोड. पण माणूस तो माणूसच! "माझ्याकडे सुवर्ण आहे, म्हणजे चूक तुमची" असा कांगावा सुरू झाला. २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा पदकं गेली आणि सर्वांना दिसणारा तक्ता आला. जपानच्या 'फायनल फँटसी'च्या चौदाव्या भागानं उलट वाट धरली. तिथे बाहेरचे मापक वापरायला मनाई आहे. संगणकावर खेळणारे लपूनछपून वापरतात ते वेगळं, पण त्यावरून दुसऱ्याला हिणवलं तर कारवाई होऊ शकते. आणि ज्याला स्वतःचा जोर अजमावायचा आहे, त्याच्यासाठी खेळातच एक पुतळा ठेवलेला आहे. ठरावीक वेळात तो पाडता आला तर अमुक राक्षसाला तोंड देण्याइतकी ताकद तुमच्यात आली. नाही पाडता आला तर पुन्हा प्रयत्न करायचा. पाहणारं कुणी नसतं. आपल्याकडच्या तालमीत आरशासमोर पवित्रा घेणाऱ्या पोराला हे लगेच पटेल.

त्या बेंगळुरूच्या घरात वडिलांनी मुलाला राहुल द्रविडचं उदाहरण दिलं. द्रविड त्याच शहरात वाढलेला, घरी मराठी बोलणारा. कसोटीत त्यानं १३,२८८ धावा केल्या, त्या सगळ्यांना माहीत. पण त्यासाठी तो ३१,२५८ चेंडू खेळला, आणि कसोटीच्या इतिहासात तेवढे चेंडू दुसरं कुणीच खेळलेलं नाही. समोरच्या टोकाला फटके मारणाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून नव्या चेंडूची धार कुणीतरी बोथट करायची असते. २००३ च्या विश्वचषकात संघात एक जादा फलंदाज बसावा म्हणून त्यानं यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज चढवले, आणि भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या जादा फलंदाजाच्या धावा ज्याच्या त्याच्या नावावर लागल्या.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या लेखी द्रविड म्हणजे २०२४ चा विश्वचषक जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक. "ते खेळायचे तेव्हा सगळ्यांना त्यांचा स्ट्राइक रेट दिसत होता, बाबा. तरी त्यांना घेतलंच ना?" प्रश्न बिनतोड होता. घेतलं, कारण निवडणाऱ्यांना आकड्यापलीकडचं दिसत होतं. पंधरा वर्षांच्या चार मुलांच्या टोळीत तो निवडणारा कुठून आणायचा?

व्यावसायिक स्पर्धांची गोष्ट निराळी. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. बीजीएमआयच्या अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत डावात पहिल्या येणाऱ्या संघाला १० गुण आणि प्रत्येक फिनिशला १ गुण मिळतो. उठवण्याला तिथेही गुण नाही. पण तिथे प्रशिक्षक असतो, कोण पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार हे आधी ठरलेलं असतं, आणि मागे थांबणाऱ्याची किंमत संघाला कळते. घरच्या पोरांनी त्या स्पर्धेतला फक्त आकडा उचलला.

शाळांनी यातलं थोडं ओळखलेलं दिसतं. २०२३ मध्ये सीबीएसईनं नको ती चढाओढ टाळण्यासाठी गुणवत्ता यादी लावली नाही. मुलाला आपले गुण कळले, शेजाऱ्याला ते सांगायचे की नाही हे त्याच्यावर राहिलं. खेळातही हे करणं अवघड नाही. अठराच्या आतल्या खेळाडूला पालकांच्या मोबाइलवर आलेल्या क्रमांकाशिवाय बीजीएमआयमध्ये प्रवेश नाही, आणि २०२३ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हाही त्याला दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. म्हणजे मूल कोण आणि मोठं कोण हे कंपनीला ठाऊक असतं. मुलांची एफडी त्यांच्या त्यांनाच दिसेल, आणि डावानंतरच्या तक्त्यात उठवण्याचा रकाना टिपण्याच्या रकान्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत येईल, एवढी व्यवस्था तिला करता येईल. पालक तासांबद्दल भांडले म्हणून तासांची मर्यादा आली. या रकान्याबद्दल अजून कुणी भांडलेलं ऐकिवात नाही.