कड्याकडे झुकताना

नेरकच्या खाली झांस्कर नदी दोन कड्यांत चेपली जाते. वळणावर सगळं पाणी बाहेरच्या कड्यावर जाऊन आदळतं आणि कयाकही त्याच ओढीनं तिकडे जाते. दगड अंगावर येताना पाहून शरीर आपोआप उलट्या बाजूला कलतं. तिथंच घात होतो. वरच्या अंगाची कड प्रवाहात बुडते आणि होडी पालथी. झुकायचं ते कड्याकडेच. कोलाडला मी वीस वर्षं हेच शिकवत आलो.

यंदाच्या ऑगस्टमध्ये त्याच वळणावर मी उलटलो. होडी पाण्यातच फिरवून सरळ करायचा पहिला रोल अर्ध्यावर राहिला, दुसऱ्याला उजवा खांदा उठलाच नाही. पाणी इतकं गढूळ, की डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसेना. बारीक रेती होडीच्या बुडाला घासत सळसळत होती. स्प्रे-डेक ओढून मी बाहेर पडलो.

"सर, मागचं हँडल धरा!" माझीच विद्यार्थिनी ओरडत होती. तिनं मला एडीत, काठालगतच्या उलट फिरणाऱ्या संथ पाण्यात, ओढून नेलं.

झांस्करमध्ये मी कधी होडी सोडली नाही, हे कोणी विचारो न विचारो, मी दर हंगामात सांगायचो. किनाऱ्याला लागल्यावर थंडीच्या आधी तेच आठवलं आणि तेच जास्त लागलं.

त्या वळणातून ती माझ्या आधी गेली होती. वरच्या एडीतून मी बघत होतो. कड्यापाशी पाणी फुगून उशी झाली होती, म्हणजे खाली पोकळी नव्हती. जिथं पाणी आवाज न करता कड्याखाली शिरतं, तिथं जायचंच नसतं. ती त्या उशीवर कंबरेतून कलली. पॅडल हातात जवळजवळ मोकळं होतं. पाण्यानंच तिला बाजूला सारलं. मी मात्र इतकी वर्षं पॅडलचं पातं पाण्यावर दाबून, खांद्याच्या जोरावर तोल सावरत होतो. कड्यावर विश्वास टाकला असं मला वाटायचं. खरा भार हातावर होता. खांदा धड होता तोवर ते उघडं पडलं नाही.

कोलाडची पोरं ठरल्या वेळच्या पाण्यावर वाढतात, असं मी म्हणत आलोय. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका वाहते. झांस्करवर मात्र ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि सकाळी पाहिलेला दगड संध्याकाळी पाण्याखाली असतो. 2024 मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. झांस्करच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी त्यानं फुटणार असेल, तर रस्ता हवाच. पण बाहेर पडायला नदीशिवाय वाट नव्हती तेव्हा माणूस पाणी अधिक नीट वाचायचा, हे माझं मत अजून कायम आहे. तीही कुंडलिकेवरच शिकलेली आहे, एवढं मात्र आता त्यात जोडावं लागतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्या वळणावर पहिली होडी तिची असेल. मी राफ्टच्या मागे असेन.