कोंडवाड्याचा न्याय

कोंडवाडा ही संस्था आता बहुतेक गावांतून नामशेष झाली आहे. पण माझ्या पिढीच्या माणसाला अजून तिचे कौतुक वाटते. तिचा कायदा मोठा सुटसुटीत. ज्याचे ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरले त्याने दंड भरायचा आणि ढोर सोडवून न्यायचे. खाल्लेल्या पिकाची भरपाई निराळी. 'तुझे पीक गेले खरे, बियाण्यापुरते उसने देतो, व्याज मात्र वेळेवर दे', असे म्हणण्याची छाती कोणाही ढोरवाल्याला झाली नसती.

जगाच्या वावरात मात्र नेमके हेच चालते. बदलत्या हवामानाला शेतकऱ्याला तोंड देता यावे म्हणून महाराष्ट्रात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प निघाला. पहिल्या टप्प्यातील 15 जिल्ह्यांत आमचा वाशिमही होता. शेततळी आली, तुषार संच आले. कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या मुलखाला त्यांचे मोल सांगायला नको. या कामासाठी जागतिक बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलर दिले. दिले म्हणजे कर्जाऊ दिले. रिसोडकडच्या एका पारावर मी हे सांगताच शेजारचे बापू म्हणाले, "गुरुजी, ढोरं त्याईची, वावर आपलं, अन् बियाण्याले पैसे बी उसने?"

बँकेने कर्ज द्यावे यात नवल नाही; तो तिचा धंदाच. नवल हे, की ढोरवाले पुढे येत नाहीत. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हे तत्त्व 1992 साली रिओत मान्य झाले. 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत राष्ट्रांनी 2009 मध्ये कोपनहेगनला सांगितले. तो आकडा गाठला 2022 मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जांचाच. 2024 मध्ये बाकूला 300 अब्जांचे ठरले, तेही 2035 पर्यंत.

कोणी म्हणेल, एकूण धुरात आज भारताचा क्रमांक तिसरा आहे. खरे आहे. पण अमेरिकेत माणशी सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडे सुमारे 2 टन. आणि त्या दोन टनांत बापूंचा वाटा तो केवढा!

मात्र हा न्याय बापूंच्या बांधाशी थांबत नाही. अनुदान मिळते ते आधी पदरचा खर्च केल्यावर, आणि शेततळ्याला आधी जमीन हवी. बापूंच्या वावरात निंदायला येणाऱ्या बाईजवळ दोन्ही नाहीत. अतिवृष्टीने सोयाबीन सडले की तिची मजुरी बुडते, पण पिकाच्या पंचनाम्यात तिचे नाव येत नाही. बाकूत आपण जे मागितले, तेच उद्या तिने आपल्याजवळ मागितले तर? आपणही तिला 'उसने घे' म्हणणार असू, तर परक्या ढोरवाल्याला बोल लावताना आपली जीभ अडखळायला हवी.

म्हणून मागणे सोडावे असे नव्हे. भरपाई मागावीच, आणि ठणकावून मागावी. फक्त ती आली तर तिचा पहिला पैसा कोणाच्या हातावर ठेवायचा, हे आजच ठरवून ठेवावे.