चाल कोणाची?

डेहराडूनहून सांक्रीला जीपने निघालो, की मसुरी, पुरोला मागे पडते आणि मोरीजवळ टोन्स नदी सोबतीला येते. सांक्रीपासून पुढे सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या हर की दूनपर्यंत काही दिवसांची पायवाट.

आम्ही पाच मित्र. गाडीत सर्वांचा वेग एकच. पायी तसे नसते. दुखऱ्या गुडघ्याचा मित्र वाटेत म्हणाला, "मी सांक्रीतच थांबतो. माझ्यामुळे खोळंबा नको."

कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "दिंडीत म्हाताऱ्या आजीला मागे सोडतात का? तू पुढे चाल, आम्ही तुझ्यामागे."

तिसऱ्या दिवशी पाचही जण पोहोचलो.

माउली, सोबतीने निघताना एवढे आधीच ठरवा: चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची.