कॅमेऱ्याला ठरवू देऊ नकोस

अंबरनाथ (पूर्व)

चि. भाचेराव,


तू पाठवलेलं शूटिंग पाहिलं. उल्हास नदीच्या काठाने आजी चालत येते, मागे बदलापूरचे नवे टॉवर, वर भरून आलेलं आभाळ. आजी झकास चालली आहे, कुठेही कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही. तरी तुझी तक्रार की, "मावशी, सगळं आहे, पण पिक्चर वाटत नाही, लग्नाची कॅसेट वाटते." बरोबर माणसाला विचारलंस. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या लग्नांचं मिक्सिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नवरा-नवरीला बदामाच्या आकारातून उमलवणारी आणि गुलाबाच्या पाकळीत सासू-सासऱ्यांना बसवणारी बाई ती मीच. कॅसेट कॅसेटसारखी का दिसते, हे मला नाही कळायचं तर कुणाला?

हँडीकॅम घडवलाय तोच मुळी काही सुटू नये म्हणून. लग्नात शूटिंगवाला मांडवातून उन्हात येतो, उन्हातून स्टेजवर चढतो. त्याला बटणं फिरवायला सवड नसते. अक्षता टाकताना एक आत्या जरी सुटली तरी वरात परतायच्या आत भांडण ठरलेलं. म्हणून उजेड, फोकस, रंग सगळं कॅमेराच ठरवतो, आणि प्रत्येक गोष्ट सारखीच लख्ख दाखवतो. सिनेमावाला आधी ठरवतो की या चौकटीत काय दिसू द्यायचं नाही. तुझ्या शूटिंगमध्ये आजी, टॉवर, ढग आणि काठावरची प्लास्टिकची पिशवी, सगळ्यांना एकच मान आहे. तेव्हा पहिलं काम, ऑटो बंद कर. मग एकेक गोष्ट हातात घे.

सुरुवात हालचालीपासून. फिल्म सेकंदाला 24 चित्रं घेते. आपल्याकडचे जुने व्हिडिओ कॅमेरे सेकंदाला 50 अर्धी चित्रं घेतात, एकाआड एक ओळींची. त्यामुळे हालचाल फार गुळगुळीत दिसते आणि डोळ्याला लगेच टीव्हीची मालिका आठवते. मेनूत 24 किंवा 25 पूर्ण चित्रांची सोय असेल तर ती लाव. पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स-100 हा 2002 साली आलेला कॅमेरा छोट्या निर्मात्यांनी डोक्यावर घेतला तो याच सोयीसाठी. परवडणाऱ्या किमतीत 24 चित्रं देणारा तो पहिलाच.

त्याच्या जोडीला शटर 1/50 सेकंदावर बांधून टाक. ऑटोवर असताना ऊन पडलं की कॅमेरा गुपचूप 1/500 वर जातो, मग आजीचं प्रत्येक पाऊल तुटक दिसतं, पदराची फडफड टोचते. 1/50 ला हालचालीत किंचित पुसटपणा राहतो, तोच आपल्या डोळ्याला सिनेमातून ओळखीचा आहे. उन्हात चित्र पांढरं पडेल, तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर लाव. ती नुसती करडी काच असते, उजेड कमी करते, रंग बदलत नाही. अजून एक: तुझा कॅमेरा अमेरिकेतून आलाय, तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. आपली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. तू 1/60 वर घरात शूटिंग केलंस की भिंत लुकलुकायला लागते. 1/50 किंवा 1/100 ठेव, लुकलुक थांबेल.

मग उजेड. त्यासाठी आपल्या शिवमंदिरात जा. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 चा म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं. काळा दगड, त्यावर बोटाएवढं कोरीव काम आणि मागे पांढरं आभाळ. कॅमेऱ्याला काळं काही दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय. तो सगळं उजळवतो. दगड राखाडी होतो आणि आभाळ जळून कोरं पडतं. फिल्मवर जास्त उजेड पडला तरी त्यात थोडा तपशील उरतो, डिजिटलमध्ये जे जळलं ते गेलं, मिक्सिंगच्या टेबलावर मला ते आणता येत नाही. मेनूत झेब्रा चालू कर. जिथे तिरके पट्टे दिसतील तिथे चित्र जळू लागलंय. आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, हाताने बंद करत जा, पट्टे जवळजवळ मिटेपर्यंत. दगड काळा दिसेल. दिसू दे, तो काळाच आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलास तर वर शिखर नाही, उघडं आभाळ आहे. तो वरून उतरणारा उजेड पिंडीवर कसा पडतो आणि कोपरे कसे अंधारात राहतात ते नुसतं बघ. कॅमेरा पिशवीतच राहू दे. स्मारक पुरातत्त्व खात्याचं आहे, तिपाई लावायला परवानगी लागते.

आमच्या लग्नांत लाइट धरणारा पोरगा कॅमेऱ्याला चिकटून उभा असायचा. हॅलोजन सरळ तोंडावर. सावली नाही, खोली नाही, सगळे चेहरे पत्रिकेवरच्या गणपतीसारखे सपाट. तू आजीला खिडकीच्या बाजूला बसव, उजेड एका गालावर पडू दे, दुसरा गाल अंधाराकडे झुकू दे. बाहेर शूटिंग करायचं तर दुपार टाळ. आणि गेन, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड फुगवायची सोय, वाढवून अंधार उजळवू नकोस, चित्रात मुंग्या दिसतात.

आता तुला ज्याचं वेड लागलंय ते: मागचं पुसट. तुझ्या कॅमेऱ्यातली 1/3 इंची म्हणतात ती चिप प्रत्यक्षात जेमतेम 5 मिलिमीटर रुंद आहे. 35 मिमी फिल्मची चौकट 22 च्या आसपास. चिप लहान म्हणून आजी आणि टॉवर दोन्ही स्पष्ट येतात. उपाय आहे. आजीपासून लांब जा, झूम करून तिला जवळ आण, आयरिस उघडी ठेव, मागची भिंत दूर असू दे. टॉवर विरघळतील. पण हे प्रत्येक शॉटला करू नकोस. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) पाहिलास ना? लांबून लावलेला, न हलणारा कॅमेरा, चौकटीत कोर्टातले सगळे. तरी तो सिनेमाच वाटतो, कारण प्रत्येक चौकट कुणीतरी विचार करून थांबवली आहे. टॉवरना तुझ्या गोष्टीत काम असेल, आजीची वाडी तिथे होती असं सांगायचं असेल, तर ते स्पष्टच हवेत.

झूमचं बटण शॉट चालू असताना दाबायचं नाही, ही माझी ताकीद समज. जवळ जायचं तर पायांनी जा, नाहीतर चाकांवर. मालेगावात नासिर शेखने लग्नाच्या शूटिंगच्या तोडीच्या सामानावर 'मालेगाव के शोले' काढला, यंत्रमागावरची माणसं नट म्हणून घेऊन. फैझा अहमद खानच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात तीच मंडळी आपला सुपरमॅन उडवतात; सायकलची ट्रॉली होते, बैलगाडीची क्रेन. तुझ्याकडे सायकल आहेच.

महागडा कॅमेरा नाही म्हणून रडू नकोस. विंटरबर्ग या दिग्दर्शकाचा 'फेस्टन' (1998) सोनीच्या तळहाताएवढ्या हँडीकॅमवर झाला आणि कान चित्रपट महोत्सवातून ज्यूरी पारितोषिक घेऊन आला. तोच छायाचित्रकार, अँथनी डॉड मँटल, पुढे '28 डेज लेटर' (2002) साठी कॅननचे मिनी-डीव्ही कॅमेरे घेऊन लंडनच्या रस्त्यांवर गेला. पहाटे थोडाच वेळ रस्ते मोकळे मिळायचे, छोटे कॅमेरे झटपट मांडता यायचे. या दोन्ही सिनेमांचं चित्र खरखरीत आहे. त्यांनी ते लपवलं नाही, गोष्टच तशी निवडली.

माझ्या टेबलावरचं थोडं. मेनूत शार्पनेस किंवा डिटेल असेल ते खाली आण. केसांभोवती जी कडक रेघ दिसते ती कॅमेरा वरून काढतो. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर बांधून घे, नाहीतर एकाच सीनमध्ये आजी आधी पिवळी आणि मग निळी होते. रंग नंतर चढवायचेत म्हणून फार ताणू नकोस. हँडीकॅमच्या फाइलमध्ये रंगाची माहिती कमी असते, ताणलं की आभाळात पट्टे पडतात. सिनेमाचा रंग निम्म्याहून जास्त कपडे आणि भिंत निवडताना ठरतो. आजीला ती जांभळाच्या रंगाची इरकल नेसव.

आणि शेवटी काटकसर. 35 मिमीचा 400 फुटांचा रोल साडेचार मिनिटंही चालत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या घरी तर फिल्म कोरी यायची, तिला कडेची भोकंही त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून पाडायच्या, मग ती धुवायच्याही. एवढ्या कष्टाची फिल्म कुणी उगाच फिरवेल? 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' त्या हातांतून गेलाय, आणि त्या बाईंना मी आमच्या धंद्यातली थोरली मानते. तुझ्या कार्डात तासन्‌तास मावतं, म्हणून तू बटण दाबून मोकळा होतोस आणि ठरवण्याचं काम माझ्या टेबलावर ढकलतोस. नदीचा सीन पुन्हा कर आणि त्यासाठी स्वतःला एकच रोल दे, साडेचार मिनिटं, त्यात सगळे टेक. आधी कॅमेरा न घेता आजीबरोबर तो काठ चाल. कुठून ऊन येतं, ती कुठे दम खायला थांबते, काय चौकटीबाहेर ठेवायचं ते कागदावर लिही.

तो कागद मला शूटिंगच्या आधी पाठव. चित्र कसं दिसेल ते मी त्यावरून सांगेन. आणि साडेचार मिनिटांच्या वर एक सेकंद जरी पाठवलंस, तरी आजीला बदामातून उमलवून परत पाठवीन.

तुझी,
मावशी

ता. क. आवाजाचं राहिलंच. कॅमेऱ्यावरचा माइक आजीपेक्षा वारा आणि लोकल जास्त ऐकतो. कॉलरला लावायचा साधा माइक घे आणि आजीच्या पदराखाली लपव. डोळा खरखरीत चित्राला सवयीचा होतो, कान खराब आवाजाला होत नाही. आणि स्टेशनात शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, तेव्हा फलाटावरचा एखादा सीन मनात असेल तर तो तूर्त कागदावरच ठेव.