मेणवलीच्या पायऱ्या

वाईजवळच्या मेणवलीला मी यापूर्वी तीनदा गेलो आहे. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा चंद्रकोरी घाट, चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या वसई-विजयातून आलेली ती पोर्तुगीज घंटा! दर खेपेस मी त्यांचे वर्णन लिहून परतलो. मराठीच्या मास्तराला दुसरे काय येते?

या खेपेस बरोबर भाचा होता. पुण्यात १९३३ साली कोल्हापूरहून येऊन ‘प्रभात’ने जेथे बिऱ्हाड थाटले, त्याच आवारात १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तो विद्यार्थी. त्याच्या छोट्याशा चित्रपटात एक म्हातारी नदीत दिवा सोडायला घाट उतरते, एवढीच गोष्ट होती. म्हातारी म्हणून त्याने माझ्या आईलाच उचलून आणले होते.

पहिल्या दिवशी त्याने कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. दर अर्ध्या तासाने तो पायऱ्यांवर सावलीच्या कडेशी खडूने खूण करी आणि वहीत चौकटी आखून चित्रे काढी. मी पंचांगातली सूर्यास्ताची वेळ सांगितली.

“तिचा उपयोग नाही, मामा. पश्चिमेला डोंगर आहे. ऊन त्याआधीच जातं.”

मग त्याने मला दोन भिंगांतून घाट दाखवला. रुंद भिंगातून पायऱ्या लांबच लांब पसरल्या आणि आई मुंगीएवढी झाली. लांबच्या भिंगातून त्याच पायऱ्या घडी घातलेल्या लुगड्यासारख्या एकमेकींवर बसल्या आणि आई पुढ्यात आली. त्याने हे दुसरे भिंग निवडले. घाट वळणाचा, त्यामुळे एका टोकाला कॅमेरा ठेवून दुसऱ्या टोकाची आई समोरून टिपता येत होती.

दुसऱ्या दिवशी खडूच्या शेवटच्या खुणेवर ऊन आले. “मामा, तू चौकटीत येऊ नकोस हं!” अशी मला ताकीद मिळाली. मी कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी उभा राहिलो.

आई दोन पायऱ्या उतरली. तिसरीवर थांबली. दिवा डाव्या हातात होता. उजवा हात हळूच बाजूला गेला आणि हवेत काहीतरी चाचपू लागला. घरी त्या जागी भिंत असते. मग तिने पाय पुढे सरकवून पायरीची कड शोधली आणि उतरली. पुढच्या पायरीवर पुन्हा तेच.

तिला नाटक करायला कोणी सांगितले नव्हते. रोज मी तिच्या पानासमोर पान मांडून जेवतो. तो हात मला कधी दिसला नव्हता.

ऊन गेले. मी धावत जाऊन तिला धरले.

“आई, दिसत नाही का तुला?”

“दिसतं रे. कडा तेवढ्या दिसत नाहीत.”

भाचा बराच वेळ वहीत मान घालून बसला होता. रात्री त्याने नवी चौकट दाखवली. तीत दोन माणसे होती.

“उद्या तूही ये चौकटीत, मामा.”

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे घाट उतरलो. पुण्यास परतल्यावर पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदू पिकला होता.